स्विफ्ट वाचताना हिशेबाची वही जवळ असू द्या

एका पेढीवाल्याला रोजच्या देण्याघेण्यासाठी ४०,००० पौंड रोख हाताशी ठेवावे लागतात. ही रक्कम तांब्याच्या अर्ध्या पेनीच्या नाण्यांत ठेवायची झाली, तर ती वाहायला घोडे किती लागतील? ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ लिहिणाऱ्या जोनाथन स्विफ्टने १७२४ साली डब्लिनमध्ये छापलेल्या एका पत्रात याचं उत्तर दिलं आहे: १,२०० घोडे.

वाचणारा इथे हसतो आणि पुढचं वाक्य घेतो. माझं म्हणणं आहे की इथे थांबावं आणि वही काढावी. एक पौंड म्हणजे २० शिलिंग, एक शिलिंग म्हणजे १२ पेन्स, म्हणून एका पौंडाचे २४० पेन्स. ४०,००० पौंडांचे झाले ९६,००,००० पेन्स. ज्या नाण्यांबद्दल हे पत्र आहे, त्यांच्या परवान्यात एका रत्तल तांब्याची ३० पेन्सची नाणी पाडायची, असं ठरलं होतं. (वजनाच्या पौंडाला मी मुद्दाम रत्तल म्हणतो आहे. पैशाचा पौंड आणि वजनाचा पौंड यांची गल्लत झाली की सगळा हिशेब बिघडतो.) म्हणजे ३,२०,००० रत्तल तांबं. ते १,२०० घोड्यांवर वाटलं की एका घोड्याच्या पाठीवर २६७ रत्तल येतात, आजच्या मापात साधारण १२१ किलो. मोंढ्यात पोती उचलणाऱ्या माणसाला विचारा, घोड्यावर सव्वा क्विंटलच्या आसपास ओझं म्हणजे किती? तो सांगेल, बरोबर आहे, एवढंच लादतात.

त्याच पत्रात एका मोठ्या जमीनदाराची सहामाही खंडाची रक्कम शहरात आणायला अडीचशेच्या घरात घोडे लागतील, असंही लिहिलं आहे. त्याचं उत्पन्न वर्षाला १६,००० पौंड, सहामाही ८,०००. वरच्याच रीतीने करून पाहा, घोड्यामागचं ओझं जवळपास तेवढंच निघतं. स्विफ्ट अतिशयोक्ती करतो हे सगळे सांगतात. तो ती आधी मोजून मग करतो, हे फार थोडे सांगतात. माझ्या मते त्याच्या लेखनाची खरी ताकद इथेच आहे, आणि इंग्रजी घेऊन बी.ए., एम.ए. करणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना नेमकं हेच शिकवायचं राहून जातं. त्यांना ‘उपरोध’ हा शब्द मिळतो, त्या उपरोधामागचं गणित मिळत नाही.

ही नाण्यांची भानगड नीट समजली तर स्विफ्टचं अर्धं आयुष्य समजतं. मराठवाड्यातल्या वाचकाला ती समजायला सोपीही आहे. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने दोन नाणी वापरली: निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. बाजारात, लग्नात, गहाणखतात ‘कोणता रुपया?’ हे आधी ठरवावं लागे. अठराव्या शतकातल्या आयर्लंडमध्ये असंच होतं. इंग्लंडचा १२ पेन्सचा शिलिंग आयर्लंडमध्ये १३ पेन्सला चाले, म्हणजे इंग्लंडचे १०० पौंड तिथे १०८ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स होत. फरक एवढाच की हैदराबादला स्वतःची टांकसाळ होती आणि आयर्लंडला ती नव्हती. सुट्टं नाणं बाहेरून यायचं, आणि ते कुणी पाडायचं हे लंडनमध्ये ठरायचं.

१७२२ साली हा परवाना विल्यम वुड नावाच्या लोखंड-तांब्याच्या कारखानदाराला मिळाला. १४ वर्षांत ३६० टन तांब्याची नाणी. जुना टन २,२४० रत्तलांचा. म्हणजे ८,०६,४०० रत्तल, प्रत्येकाचे ३० पेन्स, एकूण १,००,८०० पौंड. परवान्यातली रक्कम अगदी हीच आहे. हा परवाना वुडने राजा पहिला जॉर्ज याची मैत्रीण डचेस ऑफ केंडल हिच्याकडून मिळवला आणि त्यासाठी तिला १०,००० पौंड मोजले. आयर्लंडच्या संसदेला कुणी विचारलंही नाही. आता तुलना पाहा. खुद्द इंग्लंडमध्ये एका रत्तल तांब्याची २३ पेन्सचीच नाणी पाडत, म्हणजे ४६ अर्ध्या पेनी, नाण्यामागे साधारण ९.९ ग्रॅम. वुडच्या रत्तलातून ६० निघणार, नाण्यामागे ७.६ ग्रॅम. दर्शनी किंमत एकच, तांबं चौथाईने कमी. हे तांबं बाजारात शिरलं की लोक चांगलं सोनं-चांदी दडवून ठेवतील किंवा देशाबाहेर नेतील आणि हातात हलकं नाणं उरेल, ही खरी भीती होती.

स्विफ्ट तेव्हा डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचा डीन, म्हणजे तिथला प्रमुख धर्मगुरू होता. त्याने आपलं नाव न घालता ‘एम. बी. ड्रेपिअर’ या कापड दुकानदाराच्या नावाने पत्रं लिहिली. पहिलं पत्र दुकानदार, कारागीर, शेतकरी आणि सामान्य लोकांना उद्देशून आहे. नीट वाचा, वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्या, छापणाऱ्याला मी कमीत कमी किमतीत विकायला सांगितलं आहे, असं तो सुरुवातीलाच सांगतो. मग कायदा सांगतो: सोनं किंवा चांदी नसलेलं नाणं घ्यायला तुम्ही बांधील नाही. नाकारा, एवढंच करायचं आहे. कापडवाल्याचा आवाज घेतला म्हणून भाषा गिऱ्हाइकाशी बोलावी तशी साधी राहिली, आणि घोड्यांचा हिशेब त्या आवाजात शोभून दिसतो. हाच हिशेब डीनच्या तोंडी घातला असता तर तो प्रवचनासारखा लागला असता.

लंडनने वुडची नाणी तपासायला टांकसाळीच्या प्रमुखाकडे दिली. तो प्रमुख आयझॅक न्यूटन. एप्रिल १७२४ मध्ये न्यूटनचा अहवाल आला की नमुन्यातलं तांबं ठरल्याप्रमाणे चांगलं आहे. आता न्यूटनशी भांडायचं कसं? स्विफ्टने न्यूटनच्या मोजणीला हात लावला नाही. त्याने नमुन्याला हात घातला. दुसऱ्या पत्रात तो एका माणसाचं उदाहरण देतो: घर विकायचं म्हणून खिशात वीट घेऊन फिरणारा आणि गिऱ्हाइकाला ती नमुना म्हणून दाखवणारा. बियाण्याचा नमुना उत्तम आणि पिशवीतलं बियाणं उगवेना, हा अनुभव ज्या शेतकऱ्यांनी घेतला आहे त्यांना हा मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही. नमुना कुणी निवडला, हा प्रश्न आधी. प्रयोगशाळेचा अहवाल मागाहून.

चौथं पत्र ऑक्टोबर १७२४ चं, आयर्लंडच्या सगळ्या लोकांना. इथे कापडवाला नाणी बाजूला ठेवून म्हणतो की आयर्लंडचे लोक इंग्लंडच्या लोकांइतकेच स्वतंत्र आहेत आणि असायला हवेत. लेखकाचं नाव सांगणाऱ्याला सरकारने ३०० पौंडांचं बक्षीस लावलं. लेखक कोण हे डब्लिनमध्ये बहुतेकांना ठाऊक होतं, नाव कुणीच दिलं नाही. छापणारा जॉन हार्डिंग तुरुंगात गेला. पंचांनी, म्हणजे ज्यूरीने, त्याच्यावर आरोप ठेवायला नकार दिला. १७२५ साली परवाना मागे घेतला गेला. वुडला भरपाई मिळाली, वर्षाला ३,००० पौंड, आठ वर्षांसाठी. तीही नोंद वहीत लिहून ठेवा: जनतेने लढा जिंकला, तरी ठेकेदाराचे २४,००० पौंड ठरलेलेच होते.

चरित्राच्या तारखा थोडक्यात सांगतो, कारण त्या कुठेही मिळतात. जन्म डब्लिनमध्ये, ३० नोव्हेंबर १६६७. वडील त्याच्या जन्माआधीच वारले, काकांनी शिकवलं. किल्केनीची शाळा, मग डब्लिनचं ट्रिनिटी कॉलेज, १६८६ साली पदवी. १६८९ नंतर इंग्लंडमध्ये सर विल्यम टेंपल यांच्याकडे चिटणीस. तिथेच एस्थर जॉन्सन भेटली, जिला तो पुढे स्टेला म्हणू लागला. मग धर्मगुरू. १७०४ साली ‘अ टेल ऑफ अ टब’. १७१० ते १७१४ लंडनच्या टोरी पक्षाच्या मंत्र्यांच्या वर्तुळात, त्यांच्या बाजूने लिखाण. इंग्लंडमध्ये मोठं पद मिळेल अशी आशा होती. १७१३ साली मिळालं ते डब्लिनमधलं डीनपद. पुढच्या वर्षी राणी ॲन वारली, टोरींची सत्ता गेली, आणि स्विफ्ट कायमचा आयर्लंडला आला. मृत्यू १९ ऑक्टोबर १७४५. तरुणपणापासून त्याला चक्कर येणं आणि बहिरेपणा यांचा त्रास होता. आज त्याला मेनिएरचा आजार म्हणतात. शेवटच्या काही वर्षांवरून ‘स्विफ्ट वेडा होता, म्हणून असं लिहिलं’ असं सांगणाऱ्या नोट्स बाजारात फिरतात. त्या बाजूला ठेवा. त्याची मोठी पुस्तकं त्या काळाच्या बरीच आधीची आहेत, आणि त्यांतली बेरीज-वजाबाकी शाबूत डोक्याची आहे.

आता ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’, गलिव्हर नावाच्या प्रवाशाच्या चार सफरींची गोष्ट. २८ ऑक्टोबर १७२६ रोजी लंडनमध्ये बेंजामिन मॉटने छापलं, दोन खंड, किंमत साडेआठ शिलिंग. पहिल्या भागातला बुटक्या माणसांचा देश लिलिपुट, त्याचं माप एक इंचाला एक फूट: त्यांचा एक इंच म्हणजे आपला एक फूट. आपल्याकडचा गवंडी अजून फूट-इंचात बोलतो, म्हणून त्याला हे माप लगेच कळतं. लांबी १२ पट, क्षेत्रफळ १२ × १२ = १४४ पट, घनफळ १२ × १२ × १२ = १,७२८ पट. तीन आकडे फळ्यावर लिहा आणि पहिला भाग उघडा.

गलिव्हरला रोजचं अन्न किती द्यायचं? बादशहाचे गणिती सांगतात, १,७२८ लिलिपुटवासीयांचं. घनफळाचा हिशेब बरोबर. मात्र कित्येक छापील आणि इंटरनेटवरच्या प्रतींमध्ये इथे १,७२४ छापलेलं आहे. ती छपाईची चूक आहे. तुमच्या प्रतीत १,७२४ असेल तर पेन्सिलने दुरुस्त करा. आता गादी. त्यांच्या गाद्या १५० एकत्र शिवून गलिव्हरची लांबी-रुंदी साधली, आणि असे चार थर एकावर एक, एकूण ६००. लांबी-रुंदीला १४४ लागतात, शिवणीत जाणारं धरून १५० ठीकच. जाडीला मात्र १२ थर हवे होते, दिले चार. गलिव्हर म्हणतो, गादी असूनही दगडी फरशी टोचायचीच. ही तक्रार त्या तीन आकड्यांतून आपोआप येते. स्विफ्टने कुठेही ‘मी गणित केलं आहे’ असं म्हटलेलं नाही. ते गादीत भरून ठेवलं आहे.

शिवणकाम करणाऱ्या बायका माप कसं घेतात तेही पाहा. उजव्या हाताचा अंगठा मोजतात, बाकी हिशेबाने: अंगठ्याच्या घेराच्या दुप्पट मनगट, मनगटाच्या दुप्पट मान, मानेच्या दुप्पट कंबर. टेप घेऊन स्वतःवर करून पाहा, बऱ्यापैकी जमतं. राजधानी मिल्डेंडो ५०० फूट लांब, ५०० फूट रुंद, वस्ती पाच लाख. म्हणजे माणशी अर्धा चौरस फूट. ऐकायला अशक्य. त्याला १४४ ने गुणा: आपल्या मापात माणशी ७२ चौरस फूट, आणि घरं तीन ते पाच मजली. दाटीचं, पण वसलेलं शहर.

चूक अजिबात नाही असं नाही. एका प्राण्याच्या वजनाच्या प्रमाणात त्याचं अन्न सरळ वाढत नाही. लहान प्राणी वजनाच्या मानाने जास्त खातो. हे माप विसाव्या शतकात बसवलं गेलं. त्या मापाने गलिव्हरला १,७२८ माणसांचं नाही, साधारण २७० माणसांचं अन्न पुरलं असतं. पण १७२६ साली ही चूक असणारच होती, आणि तीही सरळ हिशेबातून आलेली चूक आहे.

दुसऱ्या भागात माप उलटं, तिथले लोक बारा पट मोठे. शेतातलं पीक ४० फूट उंच. या भागात आपल्याकडच्या वाचकाने थांबावं अशी जागा एकच आहे. गलिव्हर राजाला बंदुकीच्या दारूची कृती द्यायला निघतो, राजा हादरून ती नाकारतो. पुढे तो राजा म्हणतो की जिथे एक कणीस येत होतं तिथे दोन कणसं आणणारा माणूस सगळ्या राजकारण्यांपेक्षा देशाच्या जास्त कामाचा. परभणीच्या कृषी विद्यापीठात ज्वारीवर काम करणाऱ्यांसाठीच जणू लिहिलेलं वाक्य.

तिसरा भाग अनेकांना विस्कळीत वाटतो, वर्गात तो सहसा वगळतात. मला तो सर्वांत जास्त आवडतो. उडतं बेट लापुटा, व्यास ७,८३७ यार्ड, क्षेत्र दहा हजार एकर. वर्तुळाचं क्षेत्रफळ काढा: ७,८३७ चा वर्ग गुणिले ०.७८५४, भागिले एकराचे ४,८४० चौरस यार्ड. उत्तर ९,९६७ एकर. बेटाचा पृष्ठभाग कडेकडून मध्याकडे उतरता, म्हणून पावसाचं आणि दवाचं पाणी ओहोळांनी चार तळ्यांत येतं. प्रत्येक तळ्याचा घेर अर्धा मैल, मध्यापासून अंतर २०० यार्ड. अर्धा मैल घेर म्हणजे २८० यार्ड व्यास. अंतर तळ्याच्या मध्यापर्यंत धरून चार बाजूंना चार तळी मांडली, तर शेजारच्या दोन तळ्यांच्या मध्यांत २८३ यार्ड पडतात. म्हणजे मध्ये तीन यार्डांचा बांध उरतो. शेततळं आखणाऱ्याने आखावं तसं हे आखलेलं आहे. स्विफ्टने मुद्दाम जुळवलं की योगायोगाने जुळलं, ठामपणे म्हणता येणार नाही. पण बाकीचे आकडे पाहता मुद्दाम जुळवलं असावं, असं माझं मत.

आणि या बेटाचा राजा बंडखोर गावाला शिक्षा कशी देतो? बेट त्या गावावर आणून थांबवतो. ऊन बंद, पाऊस बंद. दुष्काळ आणि रोगराई आपोआप येतात, वरच्यांना हात लावावा लागत नाही. पाण्याच्या रांगेत उभं राहिलेल्या, २०१६ साली लातूरला रेल्वेने आलेलं पाणी पाहिलेल्या माणसांनी हे पान सावकाश वाचावं. खाली जमिनीवर लगाडो या राजधानीतल्या अकादमीत काकडीतून सूर्यकिरण काढण्याचे प्रयोग चालू आहेत, आणि त्या प्रयोगांच्या नादात चांगली शेती ओसाड पडली आहे. जुन्या रीतीने शेत करणाऱ्या लॉर्ड मुनोडीचं शिवार तेवढं हिरवं आहे, आणि लोक त्यालाच नावं ठेवतात.

याच भागात मंगळाला दोन चंद्र असल्याचं लिहिलं आहे. ते प्रत्यक्षात सापडले १८७७ साली. यावरून ‘स्विफ्टला गुप्त ज्ञान होतं’ असे संदेश मोबाइलवर फिरतात. त्याचं ज्ञान गुप्त नव्हतं, केप्लरचा नियम तेव्हा पुस्तकांत होता: अंतराचा घन ज्या पटीत वाढतो, त्याच पटीत फेरीच्या वेळेचा वर्ग वाढतो. स्विफ्टने आतला चंद्र मंगळाच्या तीन व्यासांवर ठेवला, फेरी १० तासांची; बाहेरचा पाच व्यासांवर, फेरी साडेएकवीस तासांची. अंतरांचे घन २७ आणि १२५, गुणोत्तर ४.६३. वेळांचे वर्ग १०० आणि ४६२, गुणोत्तर ४.६२. नियम पाळला गेला आहे. खरे चंद्र मात्र ७.७ आणि ३०.३ तासांत फिरतात. म्हणजे भविष्य चुकलं आणि गणित बरोबर आलं. मला यातलं दुसरं जास्त मोलाचं वाटतं. (भविष्यांशी त्याचं जुनंच वैर होतं. १७०८ साली त्याने बिकरस्टाफ या खोट्या नावाने, पंचांग छापणारा जॉन पार्ट्रिज २९ मार्चला रात्री अकराच्या सुमाराला मरेल, असं भाकीत छापलं. मग मृत्यूची बातमीही छापली, वर लिहिलं की भाकितात जवळपास चार तासांची चूक झाली. पार्ट्रिज जिवंत होता आणि ते लोकांना पटवत राहिला.)

प्रत घेताना एक तपासणी करा. मॉटने भीतीपोटी मजकूर बदलला होता. १७३५ साली डब्लिनच्या जॉर्ज फॉकनरने सुधारलेला पाठ छापला. त्यातही लिंडालिनो नावाच्या शहराच्या बंडाचे परिच्छेद नव्हते. ते पहिल्यांदा छापले गेले १८९९ साली. लिंडालिनोत ‘लिन’ दोनदा येतं, दुप्पट लिन म्हणजे डब्लिन, आणि ते बंड म्हणजे वुडच्या नाण्यांचं प्रकरण. तिसऱ्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणात लिंडालिनो असेल तर प्रत पूर्ण आहे. मुलांसाठीच्या मराठी-इंग्रजी संक्षिप्त आवृत्त्यांत सहसा पहिले दोनच भाग असतात. त्या वाचून परीक्षेला बसू नका.

‘अ मॉडेस्ट प्रपोझल’ १७२९ चं. १७२६ पासून आयर्लंडमध्ये पिकं बुडत होती, रस्त्यावर भीक मागणाऱ्या आया आणि मुलं. या निबंधाची वाट चुकते ती पहिल्याच वळणावर: ‘मी’ म्हणजे स्विफ्ट, असं मुलं धरतात. ‘मी’ हा योजना मांडणारा एक कल्पित माणूस आहे. म्हणून दोन रंगांची पेनं घ्या. योजनाकाराची वाक्यं निळ्याने अधोरेखित करा, त्याच्या आडून स्विफ्टच बोलतो तिथे लाल. पहिली कित्येक पानं निळीच जातील, आणि तसंच व्हायला हवं.

आता आकडे ओळीने उतरवा. लोकसंख्या १५ लाख. मुलं होऊ शकतील अशा बायका असलेली जोडपी दोन लाख. त्यातली ३०,००० स्वतःच्या मुलांना पोसू शकतात, वजा. उरली १,७०,०००. ज्यांचा गर्भपात होतो किंवा ज्यांचं मूल वर्षाच्या आत आजाराने, अपघाताने जातं, अशा ५०,००० वजा. उरली १,२०,००० मुलं. २०,००० पुढच्या पैदाशीला राखायची, त्यांत मुलगे एक चतुर्थांश. बाकी एक लाख, वर्षाची झाली की विकायची, खाण्यासाठी.

इथे बहुतेक जण शेवटच्या वाक्याला हादरतात. मी म्हणतो, त्याआधीच्या वजाबाकीपाशी थांबा. पन्नास हजार आया एका ओळीत वजा झाल्या आणि योजनाकाराचा आवाज बदलला नाही. पुढचा सगळा भयंकरपणा या वजाबाकीतून निघतो. माणसं एकदा रकान्यात बसली की त्यांचं काहीही करता येतं. हा रकाना स्विफ्टने हवेतून आणला नव्हता. त्याच्या आधीच्या पिढीत विल्यम पेटी याने आयर्लंडची मोजणी केली होती, ‘राजकीय अंकगणित’ असं त्या विद्येला नाव दिलं होतं, आणि माणसांची पैशात किंमतही लावली होती. योजनाकार पेटीच्या वळणाने बोलतो.

बीड, धारूर, केजच्या वाचकाला हे शिकवावं लागू नये. ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ असतं. एकट्या माणसाचा ‘अर्धा कोयता’. उचल कोयत्यावर दिली जाते, मोजणी कोयत्यांची होते. नवरा-बायको मिळून एक अवजार. हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की ऐकूही येत नाही. स्विफ्टच्या निबंधात आयांसाठी गुरांच्या पैदाशीचा शब्द येतो, तिथे वर्गात ‘कोयता’ शब्द फळ्यावर लिहावा. समजावून सांगायची गरज उरत नाही.

आकड्यांतच स्विफ्टने योजनाकाराची पोलही ठेवली आहे. तो म्हणतो, जन्मलेलं मूल सरासरी १२ रत्तलांचं, वर्षभरात बरं पोसलं तर २८ रत्तलांचं. किलोत ५.४ आणि १२.७. अंगणवाडीतल्या वजनाच्या तक्त्याशी ताडून पाहा: चांगल्या पोसलेल्या वर्षाच्या मुलाचं वजन नऊ-साडेनऊ किलोच्या आसपास असतं, आणि जन्मतः साडेपाच किलो तर विरळाच. योजनाकाराने उपाशी देशातलं मूल कधी हातात घेतलेलं नाही. पैशाचंही तसंच. वर्षभराचं पोसणं दोन शिलिंग, चिंध्या धरून. विक्री दहा शिलिंगांना, आईला नफा आठ. पुढे तो सांगतो की दोन वर्षांवरच्या एक लाख मुलांचा खर्च प्रत्येकी दहा शिलिंग धरला तर देशाचे वर्षाला ५०,००० पौंड वाचतील. दहा लाख शिलिंग भागिले वीस, बेरीज बरोबर. बेरीज शेवटपर्यंत बरोबरच राहते, हेच त्यातलं भयंकर.

लाल पेन पहिल्यांदा लागतं ते जमीनदारांबद्दलच्या वाक्याला: ज्यांनी आई-बापांना आधीच खाल्लं आहे, त्यांचा मुलांवर पहिला हक्क. पुन्हा लागतं शेवटाकडे, जिथे योजनाकार ‘दुसरे उपाय मला सांगू नका’ म्हणत उपायांची यादी देतो. देशाबाहेर राहून खंड खाणाऱ्यांवर पौंडामागे पाच शिलिंग कर. देशातच तयार झालेलं कापड आणि सामान वापरणं. जमीनदारांनी कुळांवर थोडी तरी दया करणं. दुकानदारांनी सचोटीने वागणं. हे उपाय स्विफ्टचे स्वतःचे आहेत. आयरिश कापडच वापरा, हे तो १७२० पासून लिहीत होता. त्या पत्रकाच्या छापणाऱ्यावर खटला झाला, आणि न्यायाधीशाने निर्दोष म्हणणाऱ्या पंचांना नऊ वेळा परत पाठवलं. नऊ वर्षं कुणी ऐकलं नाही म्हणून तेच उपाय इथे उलटे टांगले आहेत. परीक्षेत या यादीवर प्रश्न येतो तेव्हा ‘लेखक हे उपाय नाकारतो’ असं लिहिणाऱ्यांचे गुण जातात, ते यामुळे.

स्विफ्टला देवमाणूस करू नये. तो इंग्रज वंशाचा, प्रॉटेस्टंट चर्चचा माणूस. बहुसंख्य कॅथलिकांना अधिकार द्यावेत असं त्याला वाटत नव्हतं. आयर्लंडमधून आयरिश भाषा घालवली तर मोठं काम होईल, असंही त्याने लिहिलं आहे. निजामी राजवटीत मराठी शाळेसाठी झगडलेल्या मुलखात हे वाक्य वाचताना वाईट वाटतं, आणि ते वगळून त्याला शिकवणं बरोबर नाही.

गरिबांसाठी त्याने स्वतःच्या पैशाने केलेलं एक काम मात्र आकड्यांसह सांगण्याजोगं आहे. सुमारे ५०० पौंड त्याने बाजूला काढले आणि डब्लिनच्या गरीब कारागिरांना छोटी कर्जं दिली. व्याज नाही. परतफेड आठवड्याला दोन-चार शिलिंगांच्या हप्त्याने. जामीन हवा, आणि ठरलेला दिवस चुकता कामा नये, यावर तो कडक होता. बचत गट चालवणाऱ्या बायका याचं कारण चटकन सांगतील: एकाचा हप्ता अडला की पुढच्याचं कर्ज अडतं, कारण पैसा तोच फिरत असतो. आयर्लंडमध्ये पुढे जे कर्जनिधी निघाले, त्यांची सुरुवात इथून धरतात. स्वतःच्या खर्चाच्या वह्याही तो ठेवी, १ नोव्हेंबरपासून वर्ष धरून, आणि त्यातल्या काही आजही शिल्लक आहेत. मरताना त्याने जवळजवळ सगळी मालमत्ता, सुमारे १२,००० पौंड, मनोरुग्णांच्या इस्पितळासाठी ठेवली. १७४६ साली सनद मिळाली, १७५७ साली रुग्ण घ्यायला सुरुवात झाली. सेंट पॅट्रिक या नावाने ते इस्पितळ डब्लिनमध्ये अजून चालू आहे.